आग नव्हती म्हणून

आगीवाचून धूर नसतो असं ज्यानं म्हटलं
त्यानं थंडीत डिझेलची गाडी चालू केली नसावी.

उणे अकरा. लाश्वाच्या काठाला बर्फाची साय,
आणि झुम्रेताची छत्तीस वर्षांची गोल्फ
माझ्या गॅरेजच्या दारात
हुडहुडी भरल्यासारखी उभी.
मागच्या सीटवर चीजचे डबे, झाकणं वाजताहेत.
धुरात समोरची मशीद अर्धीच दिसते.

"गरम झाली की शहाण्यासारखी वागते," ती म्हणाली.
"माझंही तसंच आहे," मी म्हणालो
आणि बॉनेट उघडलं.

धुराला आधी रंग विचारावा.
काळा असेल, तर पोटाला जास्त झालंय
किंवा श्वास कोंडलाय.
निळा असेल, तर गाडी स्वतःचंच तेल पितेय;
तो खर्च सांगण्याआधी मी कॉफी ठेवतो.
आणि असा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा,
कच्च्या डिझेलच्या वासाचा:
आत गेलं, पण पेटलं नाही.
आग लागली नाही
म्हणूनच हा धूर.

"ग्लो प्लग!" नेदिम ओरडला.
सोळा वर्षांचा आहे. पहिलं उत्तर त्याला फार आवडतं.
तपासायचा दिवा चारही वेळा लागला.
नेदिमचा चेहरा तेवढा विझला.

मग सतराचा पाना.
पहिल्या इंजेक्टरची नळी सैल केली, इंजिन अडखळलं.
बरं.
दुसऱ्याची. पुन्हा अडखळलं.
तिसऱ्याची,
काहीच नाही. तोच लंगडा ठेका,
भरल्या पंगतीतून कुणी उठून गेलं
आणि वाढणाऱ्यालाही कळलं नाही, तसा.
चौथी सैल करायची गरज नव्हती. तरी केली.
घाईनं माझे बरेच पैसे खाल्लेत.

दुखतंय कुठं, असं इंजिनला विचारून उपयोग नसतो.
एकेकाला गप्प करायचं,
कुणाच्या गप्प होण्यानं फरक पडत नाही, ते ऐकायचं.
नेदिमनं हे वहीत लिहून घेतलं.
मी म्हटलं, हात पूस आधी.

इंजेक्टर काढून बाहेरच नळीला जोडला.
नेदिमला कॉलर धरून मागे ओढलं,
तो फवारा कातडीतून आत शिरतो.
झुम्रेतानं चावी फिरवली.
धुकं यायला हवं होतं.
लाळ गळली.

आणि इंजेक्टरच्या खाचेत, तळाशी,
ती चकती. नखाएवढी, पत्र्याची, उथळ वाटीसारखी.
उताणी हवी होती. पालथी होती.
म्हणून सगळी धग थेट तोंडावर,
दोन हिवाळ्यांत टोक करपून गेलेलं.

"कोणत्या गाढवानं बसवली ही?" नेदिम.

झुम्रेतानं हातमोजे काढले, पुन्हा घातले.
"अव्दियानं. गेला त्याच्या आदल्या महिन्यात.
अंगणात, अंधार पडल्यावर.
टॉर्च मी धरली होती."
थोड्या वेळानं: "शेजारीण आली होती.
मी तिच्याशी बोलत होते."

वर डोंगरातून लाकडांचा ट्रक उतरत होता.
तो जाईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

"जुन्या झाल्या की या चकत्या
कधीकधी आपोआप उलटतात," मी म्हणालो.
नेदिमनं तोंड उघडलं.
मी त्याच्या हातात पाना दिला
आणि सतराच्या जागी एकोणीसचा शोधायला पाठवलं.

नवं टोक, नव्या चकत्या, चारही, उताण्या.
नळ्यांतली हवा काढली.
पहिल्या चावीला एक पांढरा उसासा,
मग ठणठणीत, कोरडा, डिझेलचा तो शेतकी आवाज.
कप घेऊन मी मागं उभा राहिलो.
मशीद पुरी दिसत होती, मिनाराच्या टोकापर्यंत.

पैसे मोजून दिले तिनं.
वर चीजचा एक तुकडा, कागदात गुंडाळलेला.
"हा कशाबद्दल?"
"चकत्या उलटत नाहीत, हिल्मो,"
ती म्हणाली, आणि गियर टाकला.